नियत विचारायची कोणी?

उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी लिहायला शिकवताना आम्हाला एका शब्दाची नेहमी अडचण येते. तो शब्द म्हणजे 'नियत'. नियतीविषयीच्या प्रसिद्ध हदीसचा अर्थ मराठीत लिहा असे सांगितले की मुले लिहितात, 'सर्व कर्मे नियतीवर अवलंबून आहेत.' व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काही चूक नाही. किंमत – किमतीवर, हिंमत – हिमतीवर, तसेच नियत – नियतीवर. परंतु मराठी वाचक हे वाक्य वाचतो तेव्हा त्याच्यापुढे दैव उभे राहते. सारे काही आधीच ठरलेले आहे, माणसाने हातपाय हलवून उपयोग नाही, असा अर्थ तो घेतो. मूळ अर्थाच्या नेमका उलट! संस्कृतातली नियती माणसाच्या हातात नसते आणि अरबीतली निय्यत माणसाखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातात नसते. तेव्हा या लेखात जेथे जेथे 'नियतीने' किंवा 'नियतीवर' असे येईल तेथे वाचकांनी कृपया अरबी शब्द समजावा.

या घोटाळ्याची भरपाई मराठीने दुसरीकडे केली आहे. शुद्ध नियतीला अरबीत 'इख्लास' म्हणतात. हा शब्द मराठीत रुळला नाही, पण त्याचे सगेसोयरे मराठीच्या घरात केव्हाचे राहत आहेत. ख-ल-स या धातूचा अर्थ भेसळ काढून टाकणे, मोकळे होणे. त्यातूनच आपला 'खुलासा' आला, 'खलास' आला. डलहौसीने संस्थाने 'खालसा' केली तो खालसाही त्याच कुळातला. आणि मराठी माणूस एखाद्याचे मन स्वच्छ आहे असे सांगताना 'निखालस' म्हणतो, तोही त्यातलाच. 'दानत' हा शब्द तर सरळ अरबी 'दियानत'चे मराठी रूप आहे. या दियानतीकडे आम्ही पुढे परत येणार आहोत, कारण इस्लामी कायद्याच्या इतिहासात या एका शब्दापाशी फार मोठा प्रश्न अडकलेला आहे. तो असा : माणसाची नियत त्याच्या हृदयात असते, तर ती विचारण्याचा, तपासण्याचा आणि तिच्यावर निकाल देण्याचा अधिकार कोणाला?

ज्या हदीसपासून हा विषय सुरू होतो ती बहुतेक मुलांनी मक्तबमध्येच ऐकलेली असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की कर्माचे मोल त्यामागच्या नियतीवरून ठरते आणि माणसाने ज्याची नियत केली तेच त्याच्या पदरी पडते. लगेच त्यांनी उदाहरण दिले ते हिजरतीचे. एकाने अल्लाह व रसूल यांच्यासाठी हिजरत केली, दुसऱ्याने दुनियेच्या लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी निकाह करण्यासाठी केली. रस्ता तोच, वाळवंट तेच, ऊन तेच. पण दोघांची हिजरत एक नाही. हे उदाहरण किती धाडसी आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. इ.स. ६२२ मधली हिजरत हा त्या काळच्या मुसलमानांचा सर्वांत मोठा त्याग होता. घर, धंदा आणि कबिल्याचे संरक्षण सोडून माणसे मदीनेला गेली होती. 'मुहाजिर' हे बिरुद मानाचे होते. नेमक्या त्याच बिरुदावर प्रेषितांनी (स.) बोट ठेवले.

उम्मे कैस नावाच्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी एक गृहस्थ मदीनेला गेले आणि लोक त्यांना 'मुहाजिरे उम्मे कैस' म्हणू लागले, असा एक किस्सा आहे. वाअज करणारे मौलाना हा किस्सा रंगवून सांगतात आणि हदीस त्यामुळेच सांगितली गेली असे जोडून देतात. किस्सा जुनाच आहे, पण हदीस त्या प्रसंगावरून निघाली याला पुरावा नाही, असे हाफिज इब्ने हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांनी स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. प्रेषितांनी (स.) कोणाचे नाव घेतले नाही. नाव चिकटवले ते लोकांनी.

हदीसच्या परंपरेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. ती हजरत उमर (र.) यांनी मिंबरवरून, म्हणजे भर मस्जिदीत सांगितली. तरी त्यांच्याकडून ती खात्रीने पुढे पोहोचवणारे एकटे अल्कमा बिन वक्कास. त्यांच्याकडून एकटे मुहम्मद बिन इब्राहीम तैमी. त्यांच्याकडून एकटे यह्या बिन सईद अन्सारी. चार पिढ्या एकाच धाग्यावर चाललेली ही हदीस यह्या यांच्यापासून मात्र इतक्या लोकांनी घेतली की जणू बांध फुटला. इमाम शाफई (७६७–८२०) म्हणत की फिकहच्या सत्तर प्रकरणांत ती उपयोगी पडते. इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी आपल्या संग्रहाच्या अगदी आरंभी तिला जागा दिली आणि एकूण सात ठिकाणी ती नोंदवली. चार पिढ्यांच्या त्या धाग्यातले पहिले नाव हजरत उमर (र.) यांचे आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते दोन वेळा भेटणार आहे.

आता फिकहकडे वळू. आम्ही मराठवाड्यातल्या हनफी घरातले. नोकरी कोकणात. कोकणी मुसलमान शाफई. अरबी समुद्रातल्या व्यापाराने जी माणसे या किनाऱ्यावर आली त्यांनी आपला मजहबही बरोबर आणला. माहीमचे मखदूम फकीह अली (१३७२–१४३१), ज्यांची दर्गाह आणि उरूस मुंबईकरांना ठाऊक आहे, ते मोठे शाफई विद्वान होते आणि त्यांनी कुरआनची अरबी तफसीर लिहिली. (योगायोग पाहा, वर उल्लेख आलेले इब्ने हजर आणि हे मखदूम साहेब एकाच वर्षी जन्मले, आणि दोघेही शाफई.) त्यामुळे आमच्या वर्गात दोन्ही मजहबांची मुले शेजारी शेजारी बसतात आणि रमजानमध्ये हमखास एक प्रश्न येतो. रात्री विचार न करता झोपलो, सहरीला जाग आली नाही, सकाळी उठल्यावर ठरवले की रोजा ठेवू. तर तो रोजा होतो का? हनफी मत असे की पहाटेपासून काही खाल्ले-प्यायले नसेल आणि दुपार होण्याच्या पुरेसे आधी नियत केली तर रमजानचा रोजा होतो. शाफई मत असे की फर्ज रोज्याची नियत फज्रच्या आधी, रात्रीच झाली पाहिजे. एकाच बाकावर दोन उत्तरे.

वुजूचेही तसेच. शाफई मजहबात तोंड धुताना वुजूची नियत असणे फर्ज आहे. हनफी मजहबात ती सुन्नत आहे. एखादा माणूस नदीत पडला आणि सर्व अवयवांवरून पाणी फिरले तर हनफींच्या मते त्याचा वुजू झाला. सवाब मिळाला नाही एवढेच. पण हेच हनफी तयम्मुमसाठी मात्र नियत फर्ज मानतात. कारण फार सुंदर दिले आहे. पाणी स्वभावतःच स्वच्छ करते, त्याला माणसाच्या इराद्याची गरज नाही. माती स्वभावतः मळवते. मातीने पाकी मिळते ती नियत आहे म्हणूनच. फिकह म्हणजे रुक्ष कलमे असे समजणाऱ्यांनी हे एवढे एक उदाहरण जरूर वाचावे.

नियतीचे काम काय, हे या फकीह मंडळींनी नेमके सांगितले आहे. सवय आणि इबादत यांत फरक करणे आणि एक इबादत दुसरीपासून वेगळी ओळखणे. उकाड्यासाठी केलेली आंघोळ आणि जुम्याचे गुस्ल पाहणाऱ्याला सारखेच दिसते. डॉक्टरने उपाशी ठेवलेला रुग्ण आणि रोजेदार यांच्या पोटाला फरक कळत नाही. पुढे या विचाराचा कायद्याचा सिद्धांत बनला : कोणत्याही व्यवहाराचा निर्णय त्याच्या हेतूवरून. सुयूती यांनी तो शाफई फिकहच्या मूलतत्त्वांत पहिला ठेवला, इब्ने नुजैम (मृत्यू १५६३) यांनी हनफी फिकहमध्ये आरंभीच घेतला, आणि उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात जी दिवाणी संहिता सिद्ध केली तिच्या दुसऱ्या कलमात तो बसला.

परंतु मोठ्या गोष्टीचे लहान रूप व्हायला वेळ लागत नाही. हृदयातली नियत जिभेवर आली. इतक्या रकात, अमुक नमाज, तोंड काबा शरीफकडे, असा पाठ मुलांना दिला जाऊ लागला. आमच्याकडे नमाज सुरू करण्याला 'नियत बांधणे' म्हणतात, ते यातूनच. वास्तविक प्रेषितांनी (स.) किंवा सहाबांनी नमाजपूर्वी असे शब्द उच्चारल्याचे कोठे नोंदलेले नाही. इमाम शाफईंच्या एका वाक्यात नमाजची सुरुवात उच्चाराने होते असे आले, त्यावरून काहींनी नियत तोंडाने म्हणणे आवश्यक असा अर्थ काढला. तो उच्चार म्हणजे तकबीर, नियत नव्हे, असे खुद्द शाफईंचे मोठे भाष्यकार इमाम नववी (१२३३–१२७७) यांनी बजावले. तरी नंतरच्या शाफई आणि हनफी आलिमांनी मन एकाग्र व्हावे म्हणून तोंडी नियत चांगली मानली. इब्ने तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्ने कय्यिम यांनी तिला कडाडून विरोध केला. आमचे मत विचाराल तर मुलाला शब्द शिकवण्यास हरकत नाही, अट एवढीच की त्याला ते समजावेत. अरबी वाक्य बिनचूक म्हणणारा मुलगा 'म्हणजे काय रे?' या प्रश्नावर गप्प उभा राहतो, तेव्हा ज्या गोष्टीसाठी नियत आहे तीच हरवलेली असते.

येथपर्यंतची नियत माणूस आणि त्याचा रब यांच्यातली. खरी कसोटी लागते ती दुसऱ्याची नियत ठरवण्याची पाळी येते तेव्हा. उसामा बिन जैद (र.) यांचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. लढाईत तलवार डोक्यावर येताच समोरच्या माणसाने कलमा म्हटला. उसामांनी तरीही त्याला ठार केले आणि मदीनेत आल्यावर सांगितले की तो जिवाच्या भीतीने म्हणाला होता. प्रेषितांना (स.) अतिशय दुःख झाले. तू त्याचे हृदय फाडून पाहिले होतेस काय, असे त्यांनी विचारले, आणि पुन्हा पुन्हा अशा रीतीने खडसावले की, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरे, असे उसामांना वाटले. हजरत उम्मे सलमा (र.) यांच्याकडून आलेल्या दुसऱ्या हदीसमध्ये प्रेषित (स.) स्वतःविषयी सांगतात की तुम्ही तंटे घेऊन माझ्याकडे येता, तुमच्यातला एखादा बोलण्यात चतुर असतो, मी जे ऐकतो त्यावरून निवाडा करतो. चुकून कोणाला भावाचा हक्क मिळाला तर त्याने तो घेऊ नये, तो आगीचा तुकडा आहे.

याच विचारावर फकीहांनी दोन दालने उभी केली. एक 'कजा', म्हणजे काजीसमोरचा निवाडा. त्यात उघड शब्द आणि साक्षीपुरावा चालतो. दुसरे 'दियानत', म्हणजे माणूस आणि अल्लाह यांच्यातला हिशेब. त्यात नियत चालते. मराठीने तीच दियानत उचलली आणि 'त्याची दानत चांगली नाही' असे दुसऱ्याबद्दल बेधडक बोलायला सुरुवात केली! ज्या शब्दाने काजीलाही बाहेर उभे केले होते, तो शब्द आज कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे.

मग कोणी विचारील की मस्जिदे जिरारचे काय? इ.स. ६३० मध्ये मदीनेजवळ कुबा येथे काही लोकांनी मस्जिद बांधली. पावसाळी रात्री आजारी व गरजू लोकांना सोय व्हावी असे कारण सांगितले आणि प्रेषितांना (स.) तेथे नमाज पढण्याची विनंती केली. ते तबूकच्या मोहिमेवर निघाले होते. परतताना सूरह तौबामधल्या आयती उतरल्या, त्यात या इमारतीमागचा फुटीचा व शत्रुत्वाचा हेतू उघड केला गेला. प्रेषितांनी (स.) ती पाडायला लावली. हा प्रसंग ऐतिहासिक आहे, पण त्याचा वापर फार सोयीने होतो. गावात जमातीच्या दोन गटांत भांडण झाले, एका गटाने वेगळी मस्जिद बांधली, की दुसरा गट तिला लगेच 'मस्जिदे जिरार' म्हणून मोकळा होतो. वही उतरल्याशिवाय तेथे प्रेषितांनीही (स.) निकाल दिला नव्हता, याचा सर्वांना विसर पडतो. वही आता येणार नाही. राहतो तो ट्रस्टचा हिशेब, आणि तो मागण्यास कोणाचीच मनाई नाही.

आता ज्या विषयावर लिहिताना हात थोडा थबकतो त्याकडे येऊ. तलाक. नमाजला नियत पाहिजे, रोज्याला पाहिजे, मातीच्या तयम्मुमला पाहिजे. मग घर मोडताना? येथे हनफी फिकहने उलटी वाट धरली. शब्द स्पष्ट असेल तर नियत विचारायची नाही. थट्टेत म्हटले तरी तलाक पडला. फक्त संदिग्ध शब्दांच्या बाबतीत नियत विचारावी. कोणी तीनदा तलाक म्हणाला आणि नंतर सांगू लागला की मला एकच द्यायचा होता, बाकीचे दोन जोर देण्यासाठी, तर दियानतीत त्याचे म्हणणे खरे मानावे, पण काजीने मानू नये. शिवाय पत्नीने स्वतः शब्द ऐकले असतील तर ती काजीसारखीच आहे, तिनेही उघड शब्दांवरच चालावे, असे हनफी ग्रंथ सांगतात. यामागे तर्क नाही असे म्हणता येत नाही. नाहीतर नवरा रोज तलाक म्हणेल आणि रोज नियत नव्हती म्हणेल; बायको ना सुटलेली, ना संसारात. तिला त्या लटकत्या अवस्थेतून वाचवण्याचा हा मार्ग होता.

पण इतिहासात याच्या मागे जावे लागते. रुकाना नावाच्या सहाबीने पत्नीला कायमचा तोडणाऱ्या शब्दांत तलाक दिला आणि पस्तावून प्रेषितांकडे (स.) आले. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहातील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) त्यांना शपथ घालून विचारले की तुझा इरादा किती तलाकांचा होता? एकाचा, असे उत्तर आले आणि पत्नी त्यांना परत मिळाली. या हदीसच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे हे खरे, तथापि प्रश्न विचारला गेला होता ही आठवण परंपरेने जपून ठेवली. दुसरी रिवायत सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने अब्बास (र.) यांची आहे. प्रेषितांच्या (स.) काळात, हजरत अबू बक्र (र.) यांच्या काळात आणि हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीच्या पहिल्या दोन वर्षांत एकदम दिलेले तीन तलाक एकच गणले जात. ज्यात सबुरी होती त्यात लोक घाई करू लागले आहेत, असे पाहून हजरत उमर (र.) यांनी तिन्ही लागू केले.

म्हणजे नियतीची हदीस ज्यांच्या मुखातून आपल्यापर्यंत आली, त्याच हजरत उमर (र.) यांचा हा हुकूम. विसंगती वाटते ना? इमाम नववी यांनी दिलेल्या स्पष्टीकरणांपैकी एक असे आहे की आरंभीच्या काळात लोक शब्द तीनदा म्हणत, पण मनात एकाच तलाकचा जोर असे. नंतर लोक खरोखर तीनच्या इराद्याने म्हणू लागले, म्हणून हुकूम बदलला. हे स्पष्टीकरण मान्य केले तर हजरत उमर (र.) यांनी नियतीकडे पाठ फिरवली नाही, त्यांनी आपल्या काळच्या लोकांची नियत ओळखून निकाल दिला. मग पुढच्या शतकांतल्या लोकांची नियत कोणी ओळखायची होती? आमच्या पाहण्यातले बहुतेक पुरुष तीनदा का म्हणतात तर तीनदा म्हटल्याशिवाय तलाक होतच नाही असे त्यांना वाटते. त्यांना एकाच तलाकचा मार्ग ठाऊकच नसतो. मदीनेतल्या घाई करणाऱ्यांसाठी काढलेला हुकूम शेकडो वर्षे अडाण्यांना लावला गेला आणि त्याची किंमत ज्या बाईने एक शब्दही उच्चारला नव्हता तिने भरली.

महाराष्ट्रात हा प्रश्न रस्त्यावर आला तो १८ एप्रिल १९६६ रोजी. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. दलवाईंच्या सर्व मतांशी आम्ही सहमत नाही, या वार्षिकाच्या वाचकांपैकीही अनेक नसतील. पण त्या सात जणींच्या नियतीवर त्या वेळी जी चिखलफेक झाली, ती करणाऱ्यांनी उसामांचा प्रसंग वाचलेला नव्हता असे म्हणावे लागते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तीन तलाक अवैध ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. आता भारतात तीनदा म्हणणाऱ्याला एक अभिप्रेत होता की तीन, हा प्रश्न कायद्यापुरता उरला नाही. तलाक पडतच नाही आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हजरत उमर (र.) पुन्हा भेटतात ते वक्फच्या इतिहासात. खैबरमध्ये त्यांना जमीन मिळाली. इतकी चांगली मालमत्ता पूर्वी कधी मिळाली नव्हती, तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. मूळ जमीन राखून ठेव आणि उत्पन्न दान कर, असा सल्ला मिळाला. त्यांनी ती गरिबांसाठी, नातलगांसाठी, गुलामांच्या मुक्ततेसाठी, प्रवाशांसाठी आणि पाहुण्यांसाठी वक्फ केली. या यादीत नातलग आहेत हे पाहावे. आपल्या कुटुंबावर अल्लाहच्या खुशीसाठी केलेला खर्च हाही सदका आहे, पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचाही सवाब आहे, अशा हदीसा आहेत. यातूनच 'वक्फ अलल औलाद' ही प्रथा वाढली : मालमत्ता वक्फ, उत्पन्न वंशजांना, वंश संपला की गोरगरिबांना.

१८९४ मध्ये बंगालमधला असा एक वक्फ लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. अबुल फता मुहम्मद इसहाक विरुद्ध रसोमय धर चौधरी. निकाल लॉर्ड हॉबहाउस यांनी दिला. गरिबांचे नाव केवळ धर्माचा रंग देण्यापुरते घातले आहे, खरा हेतू कुटुंबाची भरभराट, सबब वक्फ रद्द. सातासमुद्रापलीकडून नियतीचा पंचनामा झाला तो असा. जो खर्च इस्लाममध्ये सदका, तो इंग्रजी कल्पनेत धर्मादाय बसत नव्हता. न्या. अमीर अली यांनी त्याआधीच कलकत्ता उच्च न्यायालयात वेगळे मत नोंदवले होते, पण ते बाजूला पडले. मौलाना शिबली नोमानी यांनी आलिमांना एकत्र केले आणि मुंबईच्या मुस्लिम मतदारसंघातून निवडून गेलेले बॅरिस्टर मुहम्मद अली जिना यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले. १९१३ च्या कायद्याने असे वक्फ वैध ठरले आणि १९३० च्या कायद्याने जुन्या वक्फांनाही संरक्षण मिळाले. तेव्हाचे जिना पाकिस्तानवाले नव्हते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते.

हा आपला विजय म्हणून शिकवला जातो. आम्हीही तसाच शिकलो. पण प्रामाणिकपणे पाहायचे तर या विजयाच्या आड एक गोष्ट लपली. कुरआनने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. आणि जमीन घरातून जावयाकडे जाऊ नये म्हणून वक्फ अलल औलादचा आधार घेणारे काही थोडे नव्हते. कागदावर अल्लाहचे नाव, मनात मुलीचा हिस्सा. हॉबहाउस साहेबांनी चुकीच्या कारणासाठी जो संशय घेतला, तो आपण बरोबर कारणासाठी कधी घेतला नाही. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या वक्फ दुरुस्ती कायद्याने अशा वक्फमुळे स्त्री वारसांसह कोणाचाही वारसाहक्क जाता कामा नये असे कलम घातले. त्याच कायद्यात वक्फ करणाऱ्याने किमान पाच वर्षे इस्लामचे आचरण केल्याचे दाखवावे अशीही अट होती. तिला सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने स्थगिती दिली. पहिले कलम आपल्याच फकीहांनी लिहायला हवे होते असे आम्हाला वाटते. दुसरी अट मात्र हृदय फाडून पाहण्याच्या जातीची.

राहता राहिली रोजची नियत. मस्जिदीतल्या पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचे नाव रंगवलेले असते, पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते आणि वारा सर्वांना लागतो. त्या नावावरून देणाऱ्याची टर उडवणारे बरेच, पण त्यांतल्या किती जणांनी पंखा दिला? कुरआनने उघड दान चांगले म्हटले आहे आणि गुप्त दान अधिक चांगले. नवव्या शतकात निशापूरचे मलामती सूफी लोकांनी चांगले म्हणू नये म्हणून आपली इबादत लपवत. त्याआधी होऊन गेलेले फुजैल बिन इयाज (मृत्यू ८०३) यांनी हा पेच आणखी खोल नेला होता. लोकांनी पाहावे म्हणून काम करणे हा दिखावा आहेच, पण लोक पाहतील म्हणून चांगले काम सोडून देणे हाही दिखावाच, असे त्यांचे म्हणणे. इमाम गजालींनी (१०५८–११११) 'इह्या'मध्ये नियत, इख्लास आणि सच्चेपणा यांवर एक पूर्ण किताब खर्च केला, तो सगळा स्वतःच्या मनाची झडती घेण्याविषयी आहे, शेजाऱ्याच्या नव्हे.

इमाम बुखारींच्या पहिल्या हदीसविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. तेथे हदीस अपुरी आहे. दुनियेसाठी किंवा स्त्रीसाठी हिजरत करणाऱ्याचा भाग दिला आहे, पण ज्याने अल्लाह व रसूल यांच्यासाठी हिजरत केली तो भागच गळला आहे. ज्या हुमैदींकडून त्यांनी ती घेतली, त्यांच्या स्वतःच्या संग्रहात ती पूर्ण आहे. भाष्यकारांना हे कोडे पडले. त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक असे की ग्रंथाच्या पहिल्याच पानावर तो भाग लिहिला असता तर आपण हे काम अल्लाहसाठीच करीत आहोत असा दावा केल्यासारखे झाले असते. म्हणून बुखारींनी तो तेथे ठेवला नाही. पुढे ईमानच्या प्रकरणात हदीस पूर्ण दिली आहे.